जुना कार्यालयीन डेस्कटॉप आणि ७५ वॅटची मर्यादा : कमी खर्चातील गेमिंग अपग्रेडचा एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील संगणक २०१४ च्या सुमारास कार्यालयीन कामासाठी बनवलेला, पूर्ण उंचीच्या कॅबिनेटचा डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा आय५-४५९० हा चार कोअर आणि चारच थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा) असलेला प्रोसेसर, डीडीआर३-१६०० रॅमची ८ जीबीची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि २९० वॅटचा एसएमपीएस (संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा) होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. मॉनिटर प्रोसेसरमध्येच असलेल्या एचडी ४६०० या ग्राफिक्सवर चालत असे. कार्यालयाने आपली यंत्रे बदलली तेव्हा हा संगणक एका महाविद्यालयीन तरुणाच्या हाती आला आणि त्याने तो गेमिंगसाठी वापरायचे ठरवले. मॉनिटर त्याच्याकडे आधीपासून होता, तो १०८० पी आणि ६० हर्ट्झचा.

त्याच्या अपेक्षा नेमक्या होत्या, आणि यामुळेच हे प्रकरण अभ्यासण्याजोगे झाले. मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ न अडखळता खेळता यावा, जीटीए ५ चे कथानक चांगल्या सेटिंग्जवर पुरे करता यावे आणि सायबरपंक २०७७ निदान खेळण्याजोगा चालावा, एवढीच त्याची मागणी होती. खर्चाची अट अशी होती की, या दर्जाचा नवा संगणक जुळवायला जेवढे पैसे लागतील त्याच्या एक तृतीयांशापेक्षा अधिक रक्कम या यंत्रावर जाऊ नये. ही अट त्याने स्वतःच घातली होती आणि मला ती योग्य वाटली, कारण अशी मर्यादा आधी आखली नाही तर जुन्या यंत्रावर थोडा थोडा करत होणारा खर्च नव्या यंत्राच्या किमतीला कधी जाऊन भिडतो हे कळतही नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ एक यादी तयार होती : जुने आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड, आय७-४७९० प्रोसेसर, रॅमच्या दोन नव्या पट्ट्या आणि रंगीत दिव्यांचे तीन पंखे. पंख्यांविषयी काही बोलण्यासारखे नव्हते. बाकीच्या यादीतील एकही वस्तू वाईट नव्हती. पण ती यादी या यंत्राकडे पाहून केलेली नव्हती, ही तिची मुख्य अडचण होती. जुन्या संगणकात पैसे घालताना मी प्रत्येक सुट्या भागाला एकच प्रश्न विचारतो : उद्या हे यंत्र बदलले तर हा भाग नव्या यंत्रात जाईल की याच्याबरोबर मोडीत निघेल? ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान, चिपवर चालणारी साठवण) पुढच्या यंत्रात जातात. डीडीआर३ रॅम आणि एलजीए ११५० सॉकेटमध्ये बसणारा प्रोसेसर कुठेच जात नाहीत, कारण नव्या पिढ्यांच्या प्रोसेसरचे मदरबोर्ड ते सॉकेट आणि ती रॅम स्वीकारत नाहीत. पहिल्या गटावर हात थोडा सैल सोडायला हरकत नाही. दुसऱ्या गटावर मात्र मोजमापाने गरज सिद्ध झाल्याशिवाय आणि तीही वस्तू स्वस्त मिळत असल्याशिवाय खर्च करू नये. या प्रकरणातील जवळपास सर्व निर्णय या विभागणीतून निघाले आणि एका ठिकाणी तिच्याविरुद्धही जावे लागले.

एसएमपीएसने आखलेली चौकट

कॅबिनेट उघडल्यावर सर्वांत आधी पाहिला तो एसएमपीएस. कार्यालयीन संगणकांमध्ये हा भाग गरजेपुरताच दिलेला असतो, आणि त्याच्या मर्यादा केवळ वॅटच्या आकड्यात नसतात. या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डासाठी लागणारी सहा किंवा आठ पिनांची वायर मुळातच नव्हती. मदरबोर्डला जाणारा जोडही नेहमीचा २४ पिनांचा नसून उत्पादकाच्या स्वतःच्या रचनेचा आठ पिनांचा होता. त्यामुळे बाजारात मिळणारा कोणताही एसएमपीएस आणून तो सरळ बसवणे शक्य नव्हते. मधे लावायचे अडॅप्टर मिळतात आणि ते चालतातही. पण मग एसएमपीएस, अडॅप्टर आणि वायरी कॅबिनेटमध्ये बसवण्याची कसरत, हे सगळे खर्चाच्या हिशेबात धरावे लागते.

आता यादीतील आरएक्स ५८० पाहू. एएमडीने हे कार्ड २०१७ मध्ये आणले आणि त्याची वीज मागणी १८५ वॅट धरली जाते. पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसते त्या खाचेतून) कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात. त्यापुढची वीज वेगळ्या वायरीतून यावी लागते, सहा पिनांच्या जोडातून ७५ वॅट आणि आठ पिनांच्या जोडातून १५० वॅट. इथे ती वायरच नव्हती. तरुणाला कोणीतरी यावर एक तोडगा सांगितला होता : डिस्कला जाणाऱ्या साटा जोडातून वीज घेऊन ती कार्डाला पुरवणारे छोटे अडॅप्टर. हा तोडगा मी ठामपणे नाकारला. साटा वीजजोडात १२ व्होल्टच्या तीन पिना असतात आणि प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअरची असते. म्हणजे त्या जोडातून सुरक्षितपणे जास्तीत जास्त ५४ वॅट मिळतात. त्यावर आठ पिनांच्या जोडाची, म्हणजे १५० वॅटपर्यंतची अपेक्षा लादली तर प्लास्टिक वितळणे हा अपघात नव्हे, तो साधा गुणाकार आहे.

बेरीजही हेच सांगत होती. आय५-४५९० चे टीडीपी, म्हणजे पूर्ण भारावर धरायची वीज आणि उष्णता, ८४ वॅट आहे. मदरबोर्ड, डिस्क, रॅम आणि पंख्यांना मिळून ३० ते ४० वॅट धरले आणि त्यात १८५ मिळवले, तर आकडा ३०० च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो. एसएमपीएस २९० चा, आणि तोही दशकाहून अधिक काळ चाललेला. याउलट ७५ वॅटच्या आतले कार्ड बसवले तर एकूण मागणी २०० वॅटपर्यंत राहते आणि जुन्या एसएमपीएसला श्वास घ्यायला जागा उरते. म्हणून एसएमपीएस बदलायचा नाही आणि वेगळी वायर न मागणारे, फक्त स्लॉटच्या विजेवर चालणारे कार्डच घ्यायचे, ही या प्रकरणाची चौकट ठरली. एसएमपीएस हाही पुढच्या यंत्रात जाणारा भाग आहे, तेव्हा तोच आधी का घेऊ नये, असा युक्तिवाद तरुणाने केला आणि तो चुकीचा नव्हता. मात्र एसएमपीएस आणि मोठे कार्ड मिळून अट ओलांडली जात होती. शिवाय मोठे कार्ड घेतल्यावर या प्रोसेसरपाशी त्याची ताकद किती वापरली जाईल, हे अजून तपासलेलेच नव्हते.

उसन्या कार्डावर केलेली चाचणी

प्रोसेसर कुठवर पुरतो हे एचडी ४६०० वर कळत नाही. ते ग्राफिक्स इतके कमकुवत आहे की चित्राची गुणवत्ता कितीही खाली आणली तरी अडथळा तिथेच राहतो आणि प्रोसेसरवर पुरता भार येतच नाही. यासाठी मित्राकडून जीटीएक्स १०५० टीआय हे ७५ वॅटचे, ४ जीबी मेमरीचे कार्ड थोड्या काळासाठी मागून घेतले. जुन्या संगणकाच्या अपग्रेडमध्ये उसने कार्ड मिळणे ही फार मोठी सोय असते. ज्यांना ती शक्य आहे त्यांनी विकत घेण्याआधी जरूर वापरावी.

चाचणीपूर्वी यंत्र स्वच्छ केले. हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये धुळीचा थर साचला होता आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून भुकटी झाली होती. ही दोन्ही कामे जवळजवळ फुकटात होतात, आणि ती केल्याशिवाय घेतलेली मापे फसवी ठरतात, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि आपण मात्र दोष त्याच्या वयाला देतो.

मोजमापाची पद्धत साधी ठेवली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणाऱ्या आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये चार गोष्टी पाहिल्या : ग्राफिक्स कार्ड किती टक्के वापरले जाते, प्रोसेसरचा प्रत्येक थ्रेड किती व्यग्र आहे, सेकंदाला सरासरी फ्रेम (पडद्यावरची चित्रे) किती आणि सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, म्हणजे ज्याला ‘१% लो’ म्हणतात तो, किती. यातला शेवटचा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्यांतल्या काही फ्रेमना ५० मिलिसेकंद लागले तरी सरासरी फारशी ढळत नाही. हाताला मात्र तो झटका लगेच जाणवतो. केवळ सरासरी पाहून केलेले अपग्रेड अनेकदा निराश करते ते यामुळेच.

त्यानंतर प्रत्येक गेम आधी १०८० पी वर आणि मग ७२० पी वर चालवला. रिझोल्यूशन खाली आणल्यावर फ्रेम वाढल्या तर अडथळा ग्राफिक्स कार्डाचा. वाढल्या नाहीत तर तो प्रोसेसरचा किंवा रॅमचा. जीटीए ५ मध्ये फ्रेम वाढल्या. सायबरपंकमध्ये मोकळ्या रस्त्यावर वाढल्या, पण शहराच्या गजबजलेल्या भागात जवळपास तेवढ्याच राहिल्या. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये तर रिझोल्यूशन बदलून काहीच फरक पडला नाही : चारही थ्रेड पूर्ण भरलेले, कार्ड मात्र बराच वेळ रिकामे. ज्या गेमसाठी मोठे कार्ड घ्यायचा आग्रह सर्वांत जास्त होता, त्याच गेमला कार्डाची गरज सर्वांत कमी होती.

कार्डाची निवड

स्लॉटच्या विजेवर चालणाऱ्या कार्डांची यादी लहान आहे आणि तिच्यात खाचखळगे आहेत. २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय चाचणीला ठीक होते; पण ज्या पास्कल पिढीतले ते आहे, त्या पिढीसाठी नव्या गेमना अनुकूल ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पर्यंतच चालेल आणि पुढे केवळ सुरक्षेची अद्यतने मिळतील, असे एनव्हिडियाने जाहीर केले. आज पैसे घालून ते विकत घेण्यात अर्थ नव्हता. एएमडीचे आरएक्स ६४०० केवळ ५३ वॅटचे आहे आणि कागदावर मोहक दिसते. मात्र ते मदरबोर्डशी फक्त चार लेनने, म्हणजे डेटा वाहून नेणाऱ्या चारच वाटांनी, बोलते. नव्या, चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर ते चालून जाते. या मदरबोर्डवर तिसरी पिढी आहे, तिथे चार लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ४ जीबी. आणि कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबीच असल्याने ती भरली की उरलेला डेटा याच अरुंद वाटेने ये-जा करू लागतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारे हार्डवेअर नाही, त्यामुळे खेळाचे रेकॉर्डिंग करायचे झाले तर तो भार आधीच दमलेल्या प्रोसेसरवर पडला असता.

इंटेलचे आर्क ए३८० हे ६ जीबीचे कार्ड ७५ वॅटमध्ये बसते, पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी) ही सुविधा नसलेल्या यंत्रावर आर्क कार्डांची कामगिरी फार घसरते आणि ती सुविधा २०१४ च्या काळातल्या मदरबोर्डांत नसते. नव्या यंत्रात चांगले ठरणारे कार्ड जुन्या यंत्रात वाईट ठरू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

उरली दोन. २०१९ चे जीटीएक्स १६५० ४ जीबीचे आहे, त्याला १६ लेन मिळतात आणि ते जुन्या बाजारात सहज सापडते. मात्र त्याच्या काही मॉडेलांना सहा पिनांची वायर लागते, तेव्हा नावावर विसंबून न राहता कार्डाचे छायाचित्र पाहूनच ते घ्यावे लागते. दुसरे, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे मॉडेल. त्याची वीज मागणी ७० वॅट आहे आणि त्याला आठ लेन मिळतात, म्हणजे या मदरबोर्डवर सेकंदाला ८ जीबीच्या जवळपास. याच नावाचे ८ जीबीचे जुने मॉडेल १३० वॅटचे आहे आणि त्याला वायर लागतेच. दोन्हींच्या नावात एवढे साम्य ठेवणे हे ग्राहकाच्या सोयीचे नाही, एवढे म्हणून पुढे जातो. ६ जीबी मेमरी, डीएलएसएस या कार्डाचे काम हलके करणाऱ्या तंत्राची सोय आणि पुढील काही वर्षे मिळणारे ड्रायव्हर, या तीन कारणांनी ३०५० निवडले. ते १६५० पेक्षा महाग पडले आणि एकूण रकमेचा निम्म्याहून मोठा भाग त्यात गेला. पण हा भाग पुढच्या यंत्रात जाणारा आहे.

कार्ड मागवण्याआधी तीन गोष्टी तपासल्या. कॅबिनेटमधील डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजले आणि लहान, एकाच पंख्याचे मॉडेल घेतले. मदरबोर्डच्या उत्पादकाने दिलेले बायोसचे (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचे) शेवटचे अद्यतन बसवले, कारण जुन्या बायोसवर नवे कार्ड कधीकधी पडद्यावर काहीच दाखवत नाही आणि कार्डच बिघडले असा समज होतो. बूटची (संगणक सुरू होण्याची) पद्धत जुन्या लेगसीवरून नव्या यूईएफआयवर आणली. यातले शेवटचे काम विंडोज नव्याने बसवतानाच करणे सोयीचे असते, म्हणून ते एसएसडीबरोबरच केले.

एसएसडी आणि रॅम

एसएसडीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, ती घ्यावीच लागते. सायबरपंक २०७७ च्या किमान अपेक्षांमध्येच आता एसएसडी आणि १२ जीबी रॅम आहे. एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान प्रकारची एसएसडी, घ्यावी का, हा प्रश्न आला होता. या मदरबोर्डवर तिच्यासाठी स्लॉट नाही, अडॅप्टरवर लावली तरी तिच्यावरून संगणक सुरू करायला खटपट करावी लागते आणि गेमच्या लोडिंगमध्ये साटा एसएसडीपेक्षा तिचा फायदा इथे थोडाच दिसला असता. साटाच्या सुमारे ५५० एमबी प्रति सेकंद वेगावर समाधान मानले. क्षमता मात्र १ टीबी घेतली, कारण हे तीन गेम मिळूनच अडीचशे जीबीच्या पुढे जातात. जुनी हार्ड डिस्क काढली नाही. तिचे आरोग्य तपासून ती रेकॉर्डिंग आणि अभ्यासाच्या फायलींसाठी ठेवली.

रॅम ही मागे राहणाऱ्या गटातली वस्तू असली तरी जुन्या डीडीआर३ पट्ट्या इतक्या स्वस्त मिळतात की इथे फार विचार करण्याचे कारण नव्हते. असलेल्या पट्टीला जोड म्हणून ८ जीबीची, त्याच वेगाची दुसरी पट्टी घेतली. रॅम १६ जीबी झाली हा या खर्चाचा एक फायदा. दुसरा, आणि माझ्या मते तेवढाच महत्त्वाचा, म्हणजे रॅम ड्युअल चॅनेलमध्ये चालू लागली. डीडीआर३-१६०० च्या एका चॅनेलची क्षमता सेकंदाला १२.८ जीबी असते, दोन चॅनेलची २५.६. प्रोसेसर अडखळत असेल तर त्यामागे कित्येकदा ही एकच पट्टी असते. पट्ट्या मदरबोर्डवर सारख्या रंगाच्या स्लॉटमध्ये लावल्या आणि चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्युअल असे दिसल्यावरच झाकण बंद केले.

बसवल्यानंतर

जीटीए ५ चा प्रश्न पूर्ण मिटला. उच्च सेटिंग्जवर तो ६० फ्रेमवर बांधून ठेवता आला आणि मॉनिटर ६० हर्ट्झचाच असल्याने त्यापुढे जाण्याचे कारण नव्हते. सायबरपंक मध्यम सेटिंग्जवर आणि डीएलएसएस लावून मोकळ्या भागात छान चालू लागला, गर्दीच्या चौकात मात्र झटके येत राहिले. डीएलएसएस कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करते, त्यामुळे कार्डाचे काम हलके होते. रस्त्यावरची माणसे आणि वाहने हलवण्याचे काम प्रोसेसरचे असते आणि ते तसूभरही कमी होत नाही. या गेममध्ये गर्दीची घनता कमी करण्याची वेगळी सेटिंग आहे. ती खाली आणल्यावर जेवढा फरक पडला तेवढा सावल्या आणि प्रतिबिंबे कमी करूनही पडला नव्हता.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरी सुधारली, ती मुख्यतः रॅममुळे. तरीही धुराचे गोळे आणि एकाच वेळी अनेक खेळाडू समोर आले की १% लो निम्म्याहून खाली घसरत असे. कार्डाचा वापर त्या क्षणी साठ टक्क्यांच्याही आत असे आणि चारही थ्रेड शंभरावर. इथे आधी फुकटचे उपाय केले : मागे उघडा राहणारा ब्राउझर आणि गप्पांच्या अ‍ॅपमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद केले, सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम काढले आणि फ्रेमची कमाल मर्यादा घातली. मर्यादेमुळे चारही थ्रेडना थोडी उसंत मिळाली आणि झटके विरळ झाले. पण संपले नाहीत.

आता आय७-४७९० चा विचार करणे भाग होते, आणि इथेच सुरुवातीची विभागणी आडवी आली. हा प्रोसेसर पुढच्या कोणत्याही यंत्रात जाणार नाही. त्याचा कमाल वेग ४.० गिगाहर्ट्झ आहे आणि आय५-४५९० चा ३.७, म्हणजे वेगातला फरक आठ टक्क्यांचा. केवळ त्यासाठी कोणी प्रोसेसर बदलू नये. फायदा आहे तो थ्रेडचा. चार कोअरवर आठ थ्रेड चालतात, त्यामुळे गेमचे मुख्य काम चालू असताना आवाज, नेटवर्क, ड्रायव्हर आणि चीटिंग रोखणारे सॉफ्टवेअर यांना उभे राहायला जागा मिळते. सरासरी थोडीच वाढते, झटके मात्र कमी होतात, आणि आमची तक्रार झटक्यांचीच होती. दोन्ही प्रोसेसरचे टीडीपी ८४ वॅटच असल्याने एसएमपीएसच्या हिशेबात मोठी उलथापालथ होत नव्हती. झीऑन ई३-१२३१ व्ही३ हा आठ थ्रेडचाच पर्याय बरेचदा आणखी स्वस्त मिळतो. पण त्यात ग्राफिक्स नसते, म्हणजे कार्ड बिघडले की पडदा काळाच राहणार. शिवाय या मदरबोर्डच्या अधिकृत यादीत तो नव्हता. तो सोडून दिला.

निर्णय असा घेतला की, कार्ड आणि एसएसडी घेऊन उरलेल्या रकमेत जुना आय७ बसत असेल तरच तो घ्यायचा, नवीन पैसे त्यासाठी काढायचे नाहीत, आणि काढलेला आय५ लगेच विकून टाकायचा. आय५ चे गिऱ्हाईक मिळाल्यामुळे प्रत्यक्षातला भार बराच हलका झाला. मोडीत निघणाऱ्या भागावर खर्च करण्याविरुद्ध माझा पूर्वग्रह आहे हे मी मान्य करतो. पण मोजमाप स्वच्छपणे एका दिशेला बोट दाखवत असताना तत्त्वाला चिकटून राहणे हा हट्ट झाला असता. आय७ बसवल्यावर काउंटर-स्ट्राइक २ मधील १% लो खेळताना जाणवण्याइतका सुधारला आणि मित्रांबरोबर बोलत बोलत खेळताना येणारे झटके जवळजवळ गेले. सायबरपंकच्या गर्दीत चाळीसच्या आसपास फ्रेमवर मर्यादा घालून तो सलग चालतो. त्याच्या अधिकृत किमान अपेक्षेत आय७-६७०० आहे, तेव्हा त्याहून दोन पिढ्या जुन्या प्रोसेसरकडून याहून जास्त मागणे योग्यही नव्हते.

उष्णतेची एक अडचण मात्र उरली. कार्यालयीन हीटसिंक आय५ ला पुरेसा होता. आय७ चे आठही थ्रेड कामाला लागले की तापमान नव्वदच्या दिशेने जाऊ लागले. मोठा हीटसिंक बसवायचा तर या मदरबोर्डची पंख्याची पिन आणि स्क्रूची जागा नेहमीच्या मापाची आहे का हे पाहावे लागते, आणि इथे पिन वेगळी होती. त्याऐवजी कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा एक साधा पंखा बसवला. फ्रेमची मर्यादा आधीच होती, त्यामुळे तापमान ऐंशीच्या खाली स्थिरावले. सर्व भाग बसल्यावर भिंतीच्या प्लगवर लावलेल्या मीटरवर खेळताना दोनशे वॅटच्या आतबाहेर आकडा दिसत होता. एसएमपीएसचा निर्णय त्याने बरोबर ठरवला.

विंडोजचा प्रश्न

सर्वांत कमी पैशांचा आणि सर्वांत अवघड भाग शेवटी आला. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) २.० लागते, हा प्रोसेसर चौथ्या पिढीचा आणि या यंत्रातील टीपीएम १.२ आवृत्तीचे. तपासणी चुकवून विंडोज ११ बसवता येते, पण अशा यंत्राला अद्यतने मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. काही स्पर्धात्मक गेमही आता याच अटी घालू लागले आहेत. व्हॅलोरंट हा विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (फक्त अधिकृत सॉफ्टवेअरनेच संगणक सुरू होऊ देणारी सोय) यांच्याशिवाय चालत नाही. तरुणाच्या तीन गेममध्ये तो नव्हता. असता, तर हे यंत्र घेऊन पुढे जाण्याबद्दल मी वेगळा सल्ला दिला असता.

म्हणून विंडोज १० च ठेवले आणि वैयक्तिक वापरकर्त्यांसाठीच्या वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्याच एसएसडीवर काही जागा राखून लिनक्स बसवले. काउंटर-स्ट्राइक २ ची लिनक्स आवृत्ती आहे, सायबरपंक स्टीमच्या प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालतो आणि जीटीए ५ चे कथानकही चालते. त्याचा ऑनलाइन भाग मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे चीटिंग रोखणारे सॉफ्टवेअर लागू झाल्यापासून लिनक्सवर बंद आहे. सध्या तरुण दोन्हीकडे खेळतो, आणि ज्या कामांत पासवर्ड किंवा पैसे गुंतलेले आहेत ती त्याने आतापासूनच लिनक्सकडे नेली आहेत. पुढचे यंत्र घेईल तेव्हा त्यात ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जातील असे ठरले आहे. एसएमपीएस तेव्हाच, त्या यंत्राच्या मापाने घ्यायचा आहे.